लाल गोंड्याच्या वहाणा

गावाने बायकांची काय सोय लावली आहे हे द्वारकाबाईला कळलं, तेव्हा ती खराटा घेऊन बारवेच्या पायऱ्या झाडत होती.

आदल्या सांजेला चावडीवरून निरोप फिरला होता की घरटी एक बाई बारव साफ करायला यावी. खडकदरीची ती जुनी बारव गेल्या दहा वर्षांत कुणी विचारली नव्हती. पायऱ्यांवर बाभळीचे काटे, कोपऱ्यात मेलेली घूस, पाण्यावर बोटभर हिरवी साय. बायका नाकाला पदर लावून उतरल्या. चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं. द्वारकाबाईला वाटलं, चला, उशिरा का होईना, गावाला उन्हाळ्याच्या पाण्याची आठवण झाली.

वरच्या कठड्याशी व्यंकटराव पाटील काठी टेकून उभे होते. बायका खालच्या दोन पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायला बसल्या, तसे ते वरून ओरडले, "ते ऱ्हाऊ द्या. तेवढ्या दोन निसरड्याच बऱ्या."

"काहून, पाटील?" द्वारकाबाईने मान वर केली. "पानी भरताना बाईचा पाय सटकंल की."

"पानी भरायला न्हाई ते." पाटलांनी घसा खाकरला आणि माहेरच्या माणसाने समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "येळ आली तर बायांला लई इचार करावा लागू नये. पाय सुटला की झालं. तकलीफ न्हाई."

खराटा द्वारकाबाईच्या हातातच राहिला. बाकीच्या बायकांनी ऐकलं आणि खाली बघून पुन्हा झाडायला लागल्या. 

साल अठ्ठेचाळीस होतं. मुलूख निजामाचा, आणि रझाकारांच्या टोळ्या गावं लुटत, जाळत फिरत होत्या. साखरा गावाकडून रोज नवी बातमी यायची. खडकदरीपासून सात कोसांवर पैनगंगा, आणि नदीपलीकडे वऱ्हाड. तिकडे निजामाचा हुकूम चालत नव्हता. तेव्हा गावाने चावडीवर बसून ठरवलं की डफ वाजला की गडीमाणसांनी शिवेवरच्या पिंपळाखाली जमायचं, बैलगाड्यांत दाणागोटा घालायचा आणि नदी गाठायची. म्हशी उन्हात चालत नाहीत, वाटेत बसकण मारतात, म्हणून त्या आठ दिवसांतच पलीकडच्या पाहुण्यांकडे धाडायच्या. आणि बायका? सात कोस बायांच्यानं चालवत नाही. मागे राहिल्या, कुणाच्या हाती लागल्या, तर गावाची अब्रू जाते. म्हणून बायकांना बारव.

म्हशींची आठ दिवसांत तजवीज करणाऱ्या या शहाण्यांनी बायकांसाठी दोन पायऱ्या निसरड्या ठेवल्या होत्या.

घरी आल्यावर द्वारकाबाईने हात तीनदा राखेने घासले. सासरा तातेराव ओसरीवर बाजेवर बसून भाकरीची वाट बघत होता. सत्तरीचा म्हातारा, पण मिशीला अजून पीळ. चावडीवर पाटलाच्या शेजारी बसायचा मान त्याचा. तिने ताट ठेवलं आणि पदराआडून विचारलं, "मामा, बारवंचं तुमाला ठावं होतं?"

"मीच सुचवलं," तातेराव भाकरी मोडत म्हणाला. "नदीवर जाऊन काय कराल तुमी? बाईच्या जातीला चालनं व्हतं का? पिठल्यात मीठ कमी हाय."

तिचा नवरा सोनाजी समोरच जेवत होता. द्वारकाबाईने त्याच्याकडे बघितलं. त्याने ताटाकडे बघितलं. वीस वर्षं ती त्याला देवमाणूस म्हणत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिला त्या देवपणाचा वीट आला.

पण तिला काळजी स्वतःची नव्हतीच. चुलीपाशी मनकर्णा बसली होती. सोळा वर्षांची सून, एकुलत्या लेकाची बायको. लेक वाशीमला कापसाच्या जिनात कामाला, नदीच्या पलीकडे, सुरक्षित. जाताना आईला म्हणाला होता, "हिला तेवढी सांभाळ." पोर दिवाळीपासून हिवतापाने पिवळी पडलेली, पायांच्या काड्या झालेल्या. पाण्याची एक घागर आणायची तर दोनदा टेकायची. हिला त्या हिरव्या सायीत लोटायची? द्वारकाबाईने मनाशी ठरवलं की सात कोस तर सात कोस, पण ही पोर स्वतःच्या पायांनी पैनगंगा ओलांडेल.

दुसऱ्या दिवशी शेण्या वेचायच्या निमित्ताने तिने मनकर्णेला माळावर नेलं आणि भराभरा चालायला लावलं. अर्ध्या कोसात पोर मटकन खाली बसली. आणि खरं सांगायचं तर द्वारकाबाईच्या स्वतःच्याही छातीचा भाता झाला होता. वाकून दिवसभर निंदणं वेगळं, डोक्यावर घागर घेऊन घरापर्यंत येणं वेगळं, आणि कुणी पाठीमागे लागल्यासारखं तापल्या मुरमावरून अनवाणी चालत राहणं वेगळं. म्हणजे पाटलाचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. याचीच तिला जास्त चीड आली. जन्मात कधी शिवेबाहेर पायी जाऊ दिलं नाही, आणि आता हेच सांगतात की बाईला चालता येत नाही!

मग ती तांड्यावर गेली, जिवनबाईकडे.

तांडा गावापासून कोसभर, टेकाडाच्या पायथ्याशी. जिवनबाई साठीच्या पुढची. तिच्या लहानपणी तांड्याचे बैल धान्याच्या गोणी घेऊन मुलूखभर फिरायचे आणि ती त्यांच्यासोबत चालायची. अजूनही पायांत जाडजूड वहाणा घालून खडखडत यायची, कुणी समोर असो वा नसो. द्वारकाबाईने सगळं सांगितलं. बारवेचं ऐकून म्हातारी थुंकली.

"आमी लमान लोक," ती म्हणाली, "लंगड्या बैलाला बी मारत न्हाई. त्याचं ओझं उतरवून घेतो, बाकीच्यावर टाकतो. तांड्याची चाल त्याच्या चालीवर धरतो. आन तुमचं गाव बाईला पान्यात टाकतंय? पाय दाखव तुजे."

द्वारकाबाईने पाय पुढे केले. जिवनबाईने टाचेच्या भेगेत बोट घातलं आणि मान हलवली. "भेगा आधी भर. एरंडेल आन मेन. रोज. आन वहाना घाल. वैशाखात अनवानी बाई दोन कोस चालंल, तिसऱ्याला बसंल."

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. खडकदरीत बाईने वडीलधाऱ्यांसमोर पायात वहाणा घालायच्या नाहीत. सासरा, दीर, पाटील, नुसता गावचा म्हातारा दिसला तरी वहाणा काढून हातात धरायच्या आणि पदर ओढून कडेने जायचं. गाव म्हाताऱ्यांनी भरलेलं. तेव्हा बहुतेक बायका वहाणांच्या भानगडीतच पडत नसत.

"मग शिवेच्या भाईर घाला की," जिवनबाई म्हणाली. "कोन बघतंय?"

द्वारकाबाईने युक्ती काढली. डोंगरावरच्या महादेवाला बायकांनी सोमवारचा नवस बोलला, गावावरचं संकट टळावं म्हणून. नवसाला कोण नाही म्हणणार? चावडी उलट खूश झाली. आपल्यासाठी कुणी उपास धरला की गडीमाणसांना बरं वाटतं. हळूहळू अकरा बायका जमल्या. गावच्या चांभाराने सगळ्यांना टायर-दोराच्या नव्हे, चांगल्या म्हशीच्या कातड्याच्या वहाणा शिवून दिल्या आणि त्याबद्दल तोंड बंद ठेवलं. बायका त्या टोपलीत बेलाखाली लपवून न्यायच्या, शिव ओलांडली की घालायच्या, परतताना शिवेवर काढायच्या.

अकरावी बाई कोण यावी? चतुराबाई, खुद्द पाटलीणबाई.

ती पहिल्या सोमवारी आली तेव्हा द्वारकाबाईने टोपलीतल्या वहाणांवर आणखी बेल लोटला. वाटलं, पाटलाने पाळत ठेवायला धाडली. चतुराबाई अंगाने जड, हसरी, कुणाचाही हेवा नसलेली. पहिल्याच चढाला धापा टाकत दगडावर बसली आणि म्हणाली, "मी यानार. मला त्या बारवंचं भ्या वाटतं बाई. रोज सपनात येती." तिने आपल्या वहाणांना चांभाराकडून लाल गोंडे लावून घेतले होते. इतर बायकांनी थट्टा केली. "पाटलीणबाई, पळायला चाललो का वरातीला?" तीही खळखळून हसली, पण गोंडे काढले नाहीत.

जिवनबाई डोंगराच्या वाटेवर भेटायची आणि शिकवायची. सुरुवातीलाच पळू नका, बोलत चालता येईल एवढंच चाला. पाणी गटागटा पिऊ नका, तोंडात धरा, मग गिळा. दम लागला तर उभ्या राहा, बसू नका, बसलं की पाय आखडतात. गूळ-फुटाणे कमरेला. घरी आलं की पाय भिंतीला उंच लावून पडा. प्रत्येकीचं एक गाठोडं दाराआड तयार हवं. त्यात चार भाकरी, मीठ, काडेपेटी, एरंडेलाची बाटली, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आणि दहा हात दोर. "गाठोडं बांधायला येळ मिळंल असं समजू नका," ती बजावायची. सोमवारी डोंगर, आणि बाकीच्या दिवशी जवळची विहीर सोडून लांबच्या ओढ्याचं पाणी. सासवा कुरकुरल्या, तर ओढ्याच्या पाण्याने डाळ चांगली शिजते असं सांगून मोकळ्या.

मनकर्णा पहिल्या सोमवारी अर्ध्या वाटेवरून परतली होती. तिसऱ्याला डोंगर चढली. पाचव्याला चढून, उतरून, पुन्हा ओढ्यापर्यंत जाऊन आली आणि घरी येऊन तीन भाकरी खाल्ल्या. तिच्या गालांवर पहिल्यांदा रंग दिसला. द्वारकाबाईने गुपचूप तिची दृष्ट काढली. आणि चतुराबाई? ती जड बाई सहाव्या सोमवारी सगळ्यांच्या पुढे होती. माथ्यावर उभी राहून ओरडली, "द्वारका, पाच कोस झाले आज! आजून दोन मारीन!"

एक गोष्ट मात्र द्वारकाबाईच्या ध्यानात आली नाही. या बायकांनी सहा सोमवार चालायचा सराव केला, तसाच सहा सोमवार शिवेवर येऊन वहाणा काढायचाही केला होता.

त्यानंतरच्या बुधवारी, न्याहारी उरकते न उरकते तोच डफ वाजला. पलीकडचं गाव पेटलं होतं, धूर दिसत होता. गावात एकच धावपळ उडाली; बारवेचं ठरलेलं असूनही बाकीच्या बायका पोरं काखेला मारून रानात पांगल्या. द्वारकाबाईने गाठोडं काखेला मारलं, मनकर्णेचा हात धरला आणि ठरल्याप्रमाणे घरामागच्या बोळातून ओढ्याकाठची चिंच गाठली. एकेक करून बायका आल्या. दहा झाल्या. चतुराबाई आली नाही.

"तुमी हितंच थांबा," म्हणून ती गावात परत धावली. पाटलाच्या घराला कुलूप. ती बारवेकडे वळली, तर समोरून व्यंकटराव येत होते, एकटे, धोतराचा सोगा झटकत. तिला बघून थांबले.

"पाटलीणबाई कुटं हायत?"

"गेली ती," पाटील म्हणाले. "पाटलाच्या घरची बाई आधी नको? घरान्याला शोभंल असंच केलं तिनं." आणि घोड्याकडे चालू लागले.

द्वारकाबाई पायऱ्या उतरली. खालून पाचव्या पायरीवर वहाणा होत्या, भिंतीला टाचा लावून, नीट शेजारी शेजारी ठेवलेल्या, लाल गोंडे बाहेर. पाण्यावरची हिरवी साय मधोमध फाटली होती आणि हळूहळू मिटत होती. ती हाका मारत राहिली. दोर सोडला, कुणी धरला नाही. झाडायला आणलेला बांबू तिथेच पडला होता, तो तिने पाण्यात घालून ढवळला, ढवळला. हाताला काही लागेना. तिला पोहता येत नव्हतं. गावातल्या एकाही बाईला येत नव्हतं. म्हणून तर बारव निवडली होती!

मरायला उतरतानाही बाईने वहाणा काढल्या होत्या. वर नवरा उभा होता ना. पाच कोस चालणारी बाई त्याच्या एका शब्दावर वीस पायऱ्या उतरून गेली. चालायला तिला शिकवलं होतं, नाही म्हणायला कुणी शिकवलं नव्हतं. द्वारकाबाईने वहाणा उचलून गाठोड्यात कोंबल्या. रडायला वेळ नव्हता, आणि रडूही येत नव्हतं.

चिंचेखालच्या बायकांना तिने एवढंच सांगितलं, "ती येत न्हाई. चला." वहाणा पायांत घालून त्या निघाल्या. ओढ्याची वाट शिवेवर गाडीवाटेला मिळते. तिथे पिंपळाखाली अख्खं चावडीमंडळ उभं. गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. पाटील घोड्यावर, तातेराव जोडे घालून पायी, सोनाजी त्याच्या मागे, आणखी पाचसहा म्हातारे.

आणि द्वारकाबाई खाली वाकली. तिने वहाणा काढल्या, हातात घेतल्या, पदर पुढे ओढला. तिच्या मागे नऊ बायकांनी तेच केलं. कुणी सांगितलं नाही, कुणी विचार केला नाही. हातच वाकले.

"आल्या का तुमी?" तातेराव कपाळाला आठ्या घालत म्हणाला. "बरं. मागं मागं चाला."

मग वैशाखातल्या भर दुपारी त्या दहा बायका हातात नव्या कोऱ्या वहाणा घेऊन, तापल्या मुरमावरून, अनवाणी चालल्या. पुढे सासरे होते. सासऱ्यांच्या पुढे वहाणा कशा घालणार? गडीमाणसं म्हशींचं बोलत होती. कुणाची म्हैस पलीकडे गाभण राहिली, कुणाच्या म्हशीला चारा मानवला नाही. कुणीही वळून बघितलं नाही. चतुराबाईचं नावही कुणी काढलं नाही. द्वारकाबाई आपल्या हातातल्या वहाणांकडे बघत होती. पाटलाची किळस येत होती, सासऱ्याची येत होती, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या हातांची. पण ते हात वहाणा सोडून पायाकडे काही जाईनात.

दोन कोसांवर मळ्यातली विहीर आणि लिंबाचं झाड आलं. मनकर्णेने झाडाच्या बुंध्याला धरलं. तिचे तळपाय फोडांनी भरले होते, एक फोड फुटून माती रक्ताने कालवली होती. "आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "मी दमले न्हाई. नुस्ते पाय भाजले."

पाटलांनी घोडा थांबवला. पोरीच्या पायांकडे बघितलं. मग मान लांब करून विहिरीत डोकावले.

"हितं बी पानी बक्कळ हाय," ते तातेरावाला म्हणाले. "जिला जमत न्हाई तिला वाटंत सोडन्यापरीस…"

"एका बारवंनं पोट भरलं न्हाई का तुमचं?"

आवाज कुणाचा आहे हे आधी कुणालाच कळलं नाही. द्वारकाबाईलाही नाही. तिचा पदर डोक्यावरून पडला होता.

"पाटलीणबाई पाच कोस चालत होती," ती म्हणाली. "तुमच्या घोड्याच्या पुढं गेली असती. बुडवली तुमी तिला. आन आता माज्या सुनंकडं बघून राहिले? या, उतरा खाली. लावा हात."

ती तिथेच दगडावर बसली. गाठोड्यातून पट्ट्या काढल्या, मनकर्णेच्या पायांना एरंडेल लावलं, पट्ट्या गुंडाळल्या, वहाणा चढवल्या. मग आपल्या वहाणा पुढे ओढल्या.

"द्वारके!" तातेराव कडाडला. "सासरा हितं उभा हाय!"

"दिसून राहिलं मला, मामा." तिने पाय आत सरकवले, सासऱ्याच्या तोंडासमोर, आणि उभी राहिली. मागे चामड्याचा आवाज झाला. उरलेल्या आठही बायका वहाणा घालत होत्या.

पाटलांनी घोड्याला टाच मारली आणि गावाची अब्रू घेऊन एकटेच पुढे निघून गेले.

तिथून पुढे बायका चालल्या. बोलत चालता येईल एवढ्याच चालीने, पाण्याचा घोट तोंडात धरत, दर कोसाला गुळाचा खडा चघळत. मनकर्णा मधोमध. तिचं गाठोडं दुसरीने घेतलं होतं, लंगड्या बैलाचं ओझं घ्यावं तसं. गडीमाणसं मागे पडू लागली. चावडीचे जोडे चावडीपुरतेच असतात. चौथ्या कोसाला तातेरावाच्या टाचा सोलल्या. पाचव्याला जोड्याचा एक तळ निघाला आणि म्हातारा वाटेतच बसला. सोनाजी त्याच्या शेजारी उभा राहून बायकोकडे बघत होता.

द्वारकाबाई थांबली. बसू द्यावा असाच, असं तिला मनापासून वाटलं. खोटं कशाला सांगा? पण जिवनबाईने शिकवलेलं अंगात मुरलं होतं. तिने त्याचे जोडे ओढून फेकले, सोललेल्या टाचांना पट्ट्या बांधल्या आणि गाठोड्यात हात घातला. क्षणभर हात तिथेच राहिला. मग तिने लाल गोंड्याच्या वहाणा काढून त्याच्यापुढे ठेवल्या.

"कुनाच्या?" तातेरावाने विचारलं.

"पाटलीणबाईच्या."

म्हाताऱ्याने एकदा गोंड्यांकडे बघितलं, एकदा मागच्या धुराकडे. आणि पाय आत घातले. बसल्या बरोब्बर.

दिवस कलायला पैनगंगा आली. पात्र उन्हाळ्याने आटलेलं, मधे गुडघाभर पाण्याचा पट्टा, पलीकडे वाळूवर माणसं, गाड्या, आधी आलेल्यांच्या चुलींचा धूर. मनकर्णेने लुगडं खोचलं आणि पाण्यात शिरली. कुणाचा हात न धरता ती चालत गेली, पलीकडच्या वाळूवर पोचली, वळून हसली. द्वारकाबाईला तेव्हा कुठे रडू फुटलं. रडत रडतच, सासऱ्याचा हात खांद्यावर घेऊन तिने पाण्यात पाय टाकला. दुसऱ्या बाजूला सोनाजी होता.

निम्म्या पात्रात तातेराव थांबला. पलीकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "द्वारके, तितं लोकं हायत. आता तरी वहाना काढ पायातल्या."

तिने खाली बघितलं. पाणी स्वच्छ होतं. तळाशी म्हाताऱ्याचे पाय, आणि त्या पायांवर ओले लाल गोंडे हलत होते.

"पाय उचला, मामा," ती म्हणाली.

आयुष्यभर सुनांनी पाय धुतलेला माणूस. त्याला यात काही नवल वाटलं नाही. त्याने मुकाट्याने एक पाय उचलला, मग दुसरा. तिने वाकून दोन्ही वहाणा काढल्या, छातीशी धरल्या आणि त्याचा हात आपल्या खांद्यावरून उतरवला. सोनाजी काहीतरी बोलायला गेला. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. पहिल्यांदाच त्याने नजर खाली घातली नाही. बापाचा हात सोडून तो एक पाऊल मागे झाला.

"गुडघाभर तर पानी हाय," द्वारकाबाई म्हणाली. "या तुमच्या पायानं."

आणि ती पुढे गेली. पायांतल्या वहाणा भिजून जड झाल्या होत्या, तरी तिने त्या काढल्या नाहीत. वाळूवर मनकर्णा तिच्यासाठी भाकरी सोडून बसली होती.